वाळवंटांतील दगडी पंचांग

इजिप्त देशाचें नांव निघालें, कीं सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें पिरॅमिड, स्फिंक्स आणि नाईल नदीचा हिरवा कांठ हीं उभीं राहतात. त्या देशाचा इतिहास पिरॅमिडांपासूनच सुरू होतो, अशीहि पुष्कळांची समजूत असते. गीझा येथील मोठा पिरॅमिड इसवी सनापूर्वीं २५६० च्या सुमारास पुरा झाला. परंतु त्याच्याहि आधीं दोन हजारांहून अधिक वर्षें, नाईलच्या कांठापासून दूर पश्चिमेस, आज जेथें गवताची काडीहि उगवत नाहीं अशा ठिकाणीं, गुरें चारणाऱ्या लोकांनीं जमिनींत दगड रोवून सूर्योदयाची एक दिशा कायमची बांधून ठेवली होती. त्या लोकांना लिहितां येत नव्हतें. त्यांच्या पुढाऱ्याचें, देवाचें किंवा वस्तीचें एकहि नांव उरलेलें नाहीं. उरले आहेत ते दगड. आणि त्या दगडांचा अर्थ कसा लावावा, यासंबंधीं विद्वानांची चर्चा अद्याप संपलेली नाहीं.

ह्या जागेस नाब्ता प्लाया असें म्हणतात. पावसाळ्यांत भरणाऱ्या आणि पुढें आटून जाणाऱ्या उथळ तळ्याच्या तळास भूगोलवेत्ते प्लाया हें नांव देतात. अबू सिंबेल येथील प्रसिद्ध देवळांपासून पश्चिमेस सुमारें ६० मैलांवर, सुदानच्या सरहद्दीजवळ, हें कोरडें तळें आहे. आपल्याकडील इंदूर शहर साधारणतः ज्या अक्षांशावर आहे, त्याच अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या किंचित् दक्षिणेस, तें येतें. इंदुरास जून महिन्यांत मेघ जमतात. नाब्ता येथें वर्षानुवर्षें पावसाचा थेंब पडत नाहीं. सात हजार वर्षांपूर्वीं मात्र स्थिति निराळी होती, आणि ह्या सर्व कथेचें मूळ त्या फरकांत आहे.

ह्या स्थळाचा शोध एका धरणाच्या निमित्तानें लागला म्हटलें तरी चालेल. आस्वानचें मोठें धरण बांधण्यास १९६० सालीं आरंभ झाला, तेव्हां नुबिया प्रांतांतील प्राचीन अवशेष पाण्याखालीं जाणार हें उघड झालें. ते वांचविण्यासाठीं जगांतील अनेक देशांचे संशोधक तेथें गेले. त्यांतच अमेरिकन पुराणवस्तुसंशोधक फ्रेड वेंडॉर्फ हे होते. देवळें आणि पुतळे यांची काळजी घेणारे पुष्कळ होते; वेंडॉर्फ यांनीं त्याहून जुन्या, लेखनपूर्व काळाचा माग घेण्याचें पत्करलें. त्यांच्या पथकांत पुढें पोलंडचे रोमुआल्ड शिल्ड हे त्यांचे प्रमुख सहकारी झाले. धरण पुरें झाल्यावरहि हें पथक परत गेलें नाहीं. तें नाईल सोडून वाळवंटांत शिरलें. १९७३-७४ च्या सुमारास प्रवासांत विसांव्यासाठीं हीं मंडळी एका सपाट जागीं थांबली असतां त्यांना पायांखालीं खापरांचे आणि दगडी हत्यारांचे तुकडे दिसले. तें ठिकाण नाब्ता होय.

उत्खननास लवकरच आरंभ झाला आणि वर्षामागून वर्षें वाळूखालून एक संबंध जीवनक्रम बाहेर येऊं लागला. हिमयुगाच्या शेवटानंतर उन्हाळी पावसाचा पट्टा आफ्रिकेंत आजच्यापेक्षां बराच उत्तरेस सरकला होता. हा पाऊस वर्षास चारसहा इंचांपलीकडे फारसा नसावा. तरी तेवढ्यानें तळें भरे, भोंवतीं गवत व झुडपें उगवत आणि गुरें घेऊन माणसें येत. पाणी आटलें कीं तीं निघून जात. पुढें, इसवी सनापूर्वीं ७००० च्या सुमारास, त्यांनीं आंत उतरून पाणी आणतां यावें अशा खोल विहिरी खणल्या. ह्या विहिरींनीं त्यांचें आयुष्य पालटलें. तळें आटलें तरी राहतां येऊं लागलें. ओळीनें बांधलेल्या झोपड्यांचे खळगे, चुली आणि धान्य सांठविण्याचे खड्डे तेथें सांपडले आहेत.

त्या चुलींच्या राखेंत जळक्या बियांचा मोठा सांठा मिळाला. त्यांत बोरांच्या आठळ्या होत्या, गवताचें बी होतें, आणि ज्वारीचे दाणेहि होते. ही ज्वारी आकारावरून रानटीच दिसते. तिची पेरणी अद्याप सुरू झाली नव्हती, लोक ती रानांतून गोळा करून आणीत. तथापि महाराष्ट्रांतील वाचकांस ही गोष्ट विशेष वाटावी. ज्या धान्याची भाकरी दख्खनच्या घरोघरीं भाजली जाते, तें धान्य मूळचें आफ्रिकेचें होय. पुढें तेथेंच त्याची लागवड झाली आणि प्राचीन काळींच तें समुद्र ओलांडून हिंदुस्थानांत आलें. त्या ज्वारीच्या वापराचा फार जुना पुरावा आज नाब्ताच्या राखेंत मिळतो.

ह्या लोकांचें खरें धन म्हणजे गुरें. वस्तींत गुरांचीं हाडें थोडीं मिळतात. यावरून संशोधकांनीं असें अनुमान काढलें, कीं पूर्व आफ्रिकेंतील आजच्या कित्येक पशुपालक जमातींप्रमाणें हे लोक गुरांचें दूध वापरीत, पण नित्याच्या आहारासाठीं त्यांस मारीत नसत. ह्या अनुमानास बळकटी देणारा शोध दगडांच्या एका ढिगाऱ्याखालीं लागला. ढिगारा दूर केल्यावर खालीं मातीनें लिंपलेली एक कोठडी दिसली. तिच्यावर झाऊच्या फांद्यांचें छप्पर होतें, आणि आंत एक तरुण गाय संबंध पुरलेली होती. फांद्यांच्या लांकडावरून ह्या दफनाचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें ५४०० असा ठरतो. ज्या काळांत माणसांसाठींहि एवढी मोठी समाधि क्वचितच बांधीत, त्या काळांत गाईसाठीं ती बांधली गेली, यावरून त्या समाजांत गाईचें स्थान काय होतें तें कळून येतें.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. नाब्ताच्या पात्रांत आणि कडेला वालुकाश्माच्या मोठमोठ्या शिळा पडलेल्या होत्या. कांहीं कित्येक टन वजनाच्या आहेत. आश्चर्याची गोष्ट अशी, कीं अनेक वर्षें संशोधक ह्या शिळांजवळून जात येत होते, तरी ते उघडे पडलेले नैसर्गिक खडक असावेत असेंच त्यांना वाटत होतें. १९९० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत त्यांच्या लक्षांत आलें, कीं ह्या शिळा गाळाच्या थरांवर उभ्या केलेल्या आहेत, म्हणजे त्या माणसांनीं आणलेल्या आहेत, आणि त्या ओळींनीं मांडलेल्या आहेत. कांहीं शिळांच्या खालीं कोणा पुढाऱ्याची समाधि असेल अशा आशेनें खणलें, तेव्हां प्रेत मिळालें नाहीं. बऱ्याच खोलीवर जमिनींतील मूळ खडक मात्र माणसाच्या हातानें घडविलेला निघाला. आणि एका खड्ड्यांत गाईच्या अंगाची आठवण व्हावी असा घडविलेला मोठा दगड मिळाला.

ह्या मोठ्या शिळांपासून कांहीं अंतरावर लहान दगडांचें एक वर्तुळ होतें. त्याचा व्यास अवघा १२-१३ फूट. एखाद्या घराच्या ओसरीवर मावेल एवढेंच तें आहे. इंग्लंडांतील स्टोनहेंजचें चित्र मनांत धरून येथें येणाऱ्याची निराशाच व्हावयाची. पण त्या वर्तुळाच्या कडेस उभ्या दगडांच्या चार जोड्या आहेत. प्रत्येक जोडींत दोन दगड थोडें अंतर सोडून रोवलेले असल्यामुळें मध्यें एक अरुंद फट राहते. समोरासमोरच्या दोन जोड्यांतून पाहिलें असतां दृष्टि उत्तर-दक्षिण जाते. उरलेल्या दोन जोड्यांतून पाहिलें असतां ती पूर्वेपासून सुमारें २७ अंश उत्तरेकडे वळते. नाब्ताच्या अक्षांशावर, त्या काळीं, वर्षांतील सर्वांत मोठ्या दिवशीं, म्हणजे आजच्या २१ जूनच्या सुमारास, सूर्य जवळजवळ ह्याच दिशेस उगवत असे. जवळच्या चुलींतील कोळशावरून ह्या वर्तुळाचा काळ इसवी सनापूर्वीं ४८०० च्या आसपास धरतात.

ह्या दिशांचें गणित करण्याच्या कामीं वेंडॉर्फ यांच्याबरोबर कोलोरॅडो येथील खगोलशास्त्रज्ञ किम माल्व्हिल हे होते. हंपी येथील विजयनगरच्या देवळांच्या आणि रस्त्यांच्या दिशांचाहि अभ्यास ह्याच माल्व्हिल यांनीं केलेला आहे. १९९८ सालीं ह्या मंडळींचा लेख 'नेचर' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला आणि जगांतील वर्तमानपत्रांनीं नाब्ताला सर्वांत प्राचीन वेधशाळा ही पदवी देऊन टाकली.

ही पदवी योग्य आहे काय? प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचें उत्तर थोड्या साध्या हिशेबानें देतां येतें. जून महिन्याच्या उत्तरार्धांत सूर्य जणू एकाच जागीं थबकतो. मोठ्या दिवसाच्या दहा दिवस आधीं आणि दहा दिवस नंतर त्याच्या उगवण्याच्या जागेंत अर्ध्या अंशाहूनहि कमी फरक पडतो. उलटपक्षीं, एवढ्या लहान वर्तुळांतील ओबडधोबड दगडांची फट दोन अंशांची जरी धरली, तरी तींतून उगवता सूर्य सुमारें महिनाभर दिसत राहील. तेव्हां आजचा दिवस कोणता, हें ह्या वर्तुळावरून नक्की सांगणें शक्य नव्हतें. त्याशिवाय कांहीं दगड पडलेले व हललेले होते, त्यामुळें मूळ मांडणी ठरवितांना अभ्यासकाच्या निर्णयालाहि थोडा वाव राहतो. ह्या वर्तुळाची फेरमांडणी करून जो सविस्तर अभ्यास २००१ सालीं प्रसिद्ध झाला, त्याच्या मथळ्यांतच 'संभाव्य' सौर पंचांग असा शब्द योजलेला आहे. वर्तमानपत्रांनीं गाळला तो हाच शब्द.

परंतु दिवस सांगतां येत नाहीं म्हणून तें वर्तुळ निरुपयोगी ठरत नाहीं. पंचांग कशासाठीं लागतें, हें आधीं पाहिलें पाहिजे. दरबाराला सण व मुहूर्त यांसाठीं तिथि लागते. सावकाराला व्याजासाठीं दिवस लागतो. गुराख्याला ऋतु लागतो. आपल्याकडील शेतकरी मृग लागला म्हणतो, तेव्हां तो घटका-पळें मोजीत नसतो. नांगर, बियाणें आणि बैल तयार ठेवण्याची वेळ आली, एवढेंच त्याला सांगावयाचें असतें. नाब्ता येथील पाऊस उन्हाळी होता. मोठ्या दिवसानंतर तो येई. तळें भरण्यापूर्वीं कळप कोठें न्यावयाचे, दूर पांगलेल्या कुळांनीं केव्हां एकत्र जमावयाचें, हें ठरविण्यास महिनाभराचा अंदाज पुरेसा होता. ह्या अक्षांशावर आणखीहि एक सोय होती. मोठ्या दिवसाच्या सुमारें तीन आठवडे आधीं आणि तितकेच नंतर मध्यान्हीं सूर्य बरोबर डोक्यावर येई आणि उभ्या दगडाची सावली नाहींशी होई. दगडाच्या सावलीवरूनहि ऋतूचा अंदाज घेणें ह्या लोकांस कठीण नव्हतें. तात्पर्य, ह्या वर्तुळास वेधशाळा म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. ऋतूची खूण म्हणणें पुराव्याला धरून होईल.

मोठ्या शिळांच्या ओळींचा प्रश्न याहून अवघड आहे. ह्या ओळी विशिष्ट ताऱ्यांच्या उगवण्याच्या दिशेनें मांडल्या आहेत, असें माल्व्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचें मत. पण तारे कायम एकाच जागीं उगवत नाहींत. संपातचलनामुळें शतकानुशतकें त्यांच्या उदयाची दिशा सरकत जाते. लोकमान्य टिळकांनीं १८९३ च्या आपल्या 'ओरायन' ग्रंथांत ह्याच संपातचलनाच्या आधारानें वेदांचा काळ ठरविण्याचा प्रयत्न केला होता, त्यामुळें ही पद्धति मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. तिच्यांत एक धोका आहे. ओळीचा काळ अगोदर नक्की ठाऊक नसेल, तर एकाच ओळीला निरनिराळ्या शतकांतील निरनिराळे तारे जुळवितां येतात. नाब्ता येथें तसेंच झालें. उत्तरेकडील ओळींचा संबंध प्रथम सप्तर्षींपैकीं एका ताऱ्याशीं जोडण्यांत आला. पुढें २००७ सालीं काळाचा फेरविचार झाला, तेव्हां त्याच जागीं स्वाती आली, आणि इतर ओळींशीं व्याध व मित्र हे तारे जोडले गेले. संशोधकांनीं आपलें मत स्वतःच बदललें ही त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष आहे. परंतु तारे बदलूं शकतात ही गोष्ट वाचकानेंहि लक्षांत ठेविली पाहिजे.

आफ्रिकेंतच ह्याचें दुसरें उदाहरण आहे. केनियांत तुर्काना सरोवराच्या पश्चिमेस नामोरातुंगा ह्या नांवानें प्रसिद्ध झालेल्या एका ठिकाणीं बेसॉल्टचे १९ खांब आहेत. १९७८ सालीं दोन अमेरिकन संशोधकांनीं जाहीर केलें, कीं हे खांब बोराना लोकांच्या पंचांगांतील सात नक्षत्रांकडे रोखलेले आहेत आणि त्यांचा काळ इसवी सनापूर्वीं ३०० च्या सुमाराचा आहे. पुढें १९८२ सालीं दाखवून देण्यांत आलें, कीं ह्या दगडांतच चुंबकत्व आहे. त्यामुळें होकायंत्रानें घेतलेलीं मापें चुकलीं होतीं. अलीकडील उत्खननांनीं तर असें दिसून आलें, कीं सरोवराच्या कांठची अशीं खांबांचीं स्थळें सुमारें ५००० वर्षांपूर्वींच्या, त्या भागांतील पहिल्या पशुपालकांचीं स्मशानें होतीं. म्हणजे दगडांचें पंचांग तेथें सिद्ध झालें नाहीं. परंतु बोराना लोकांचें पंचांग खोटें नव्हतें! इथिओपिया आणि केनिया येथील ह्या लोकांचे जाणते पुरुष चंद्र कोणत्या नक्षत्राजवळ आहे तें पाहून महिना ठरवितात. कृत्तिका, रोहिणी, मृग आणि व्याध हीं त्यांच्या गणनेंतहि आहेत. बारा चांद्रमासांचें ३५४ दिवसांचें हें वर्ष ते एकहि दगड न रोवतां, केवळ स्मरणानें चालवीत आले आहेत.

ह्या सर्व विवेचनाचा खल करण्याचें कारण असें, कीं आफ्रिकेच्या इतिहासाच्या बाबतींत अतिशयोक्ति ही निरुपद्रवी नसते. दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमालांगा प्रांतांतील कांहीं दगडांना २००३ पासून आदामाचें पंचांग असें नांव देऊन तें पाऊण लाख वर्षांचें, किंबहुना त्याहूनहि जुनें आहे, असा गाजावाजा करण्यांत आला. त्यासाठीं कालनिर्णयाचा मान्य पुरावा कोणीं पुढें ठेविला नाहीं. त्याच डोंगरांत हजारों दगडी वर्तुळें आहेत. तीं बोकोनी नांवाच्या शेतकरी व पशुपालक समाजानें इसवी सन १५०० ते १८२० च्या दरम्यान बांधलेलीं घरें, गोठे आणि बांध आहेत, असें पुराणवस्तुसंशोधक दाखवून देतात. कल्पित प्राचीनांना श्रेय दिलें, कीं तें खऱ्या बांधणाऱ्यांच्या पदरांतून काढून घेतलें जातें. झिंबाब्वेच्या दगडी राजधानीच्या बाबतींत हेंच घडलें होतें. ती फिनिशियनांनीं किंवा शेबाच्या राणीनें बांधली असें गोऱ्या वसाहतवाल्यांनीं वर्षानुवर्षें सांगितलें. १९०५ सालीं डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर यांनीं आणि १९२९ सालीं गर्ट्रूड कॅटन-थॉम्पसन यांनीं ती आफ्रिकन लोकांचीच निर्मिति असल्याचें उत्खननानें सिद्ध केलें, तरी तो समज लवकर मेला नाहीं.

नाब्ताच्या दगडांनाहि ह्या रोगाची बाधा झालीच. त्यांत ताऱ्यांचीं अंतरें आणि आकाशगंगेचा नकाशा कोरला आहे, असें सांगणारे लोक निघाले. विहीर खणणाऱ्या, ज्वारी भाजणाऱ्या आणि गाय पुरणाऱ्या माणसांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं सूर्य पाहिला व त्याची दिशा लक्षांत ठेविली, एवढें त्यांना पुरेसें अद्भुत वाटत नसावें.

पुढें पावसाचा पट्टा दक्षिणेस सरकत गेला. दुष्काळांचे फेरे वाढले, विहिरी आटल्या, आणि इसवी सनापूर्वीं ३५०० ते ३००० च्या दरम्यान नाब्ता निर्मनुष्य झालें. तेथील माणसें नाईलकडे आणि दक्षिणेकडे गेलीं असावींत. पुढील इजिप्तमध्यें गाईचें रूप घेणारी हाथोर देवी होती, व्याधाच्या उदयाकडे डोळे लावून नाईलच्या पुराची वाट पाहणारे पुरोहित होते, आणि ३६५ दिवसांचें वर्ष होतें. ह्या सर्वांचा आरंभ नाब्ता येथें झाला, असा कांहीं विद्वानांचा तर्क आहे. तो आकर्षक आहे. परंतु मधल्या सांखळीचे दुवे अद्याप सांपडावयाचे आहेत. एवढें मात्र निश्चित, कीं नाईलचा पूर ज्या उन्हाळी पावसानें येत असे, त्याच पावसाच्या उत्तरेकडील टोंकाला नाब्ताचें तळें भरत असे. दोन्ही ठिकाणच्या माणसांना एकाच ऋतूची वाट पाहावयाची होती.

त्या वर्तुळाची रचना आज आस्वान येथील नुबिया वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळते. वेंडॉर्फ २०१५ सालीं वारले; ज्या शिळांना ते एके काळीं साधे खडक समजले होते, त्यांच्याशींच आतां त्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे. वाळवंटांत पाऊस परत आलेला नाहीं. परंतु ज्या पावसाची खूण म्हणून ते दगड रोवले गेले, त्याची आठवण सात हजार वर्षांनंतर त्या दगडांतच शिल्लक आहे.